अल्पाका फार्मवर तंबूतला मुक्काम: काय आधी, काय नंतर

ब्रिटनमध्ये मे महिना उजाडला की मराठी मंडळींच्या ग्रुपवर हा बेत हमखास निघतो: शनिवारी अल्पाकांच्या (उंटाच्या कुळातला लोकरीचा प्राणी) फार्मवर तंबू ठोकायचा, रविवारी संध्याकाळी घरी. बेत सोपा आहे, तरी दर उन्हाळ्यात त्याच त्या चुका होतात. संध्याकाळी सात वाजता पोचायचं, आल्या आल्या मुलांना कुंपणाकडे सोडायचं, दिसेल त्या सपाट जागी तंबू ठोकायचा आणि पाऊस आला की शेगडी आत ओढायची. यातली एकही चूक सामान विसरल्यामुळे होत नाही. कामं उलट्या क्रमाने केल्यामुळे होते.

हा लेख इंग्लंड आणि वेल्समधल्या चालत्या फार्मबद्दल आहे, म्हणजे जिथे अल्पाका लोकरीसाठी आणि पैदाशीसाठी पाळलेले असतात आणि बाजूच्या एखाद्या कुरणात तंबूंना जागा दिलेली असते. तिथे जनावरांचं वेळापत्रक आधी, आपलं नंतर. खालचे टप्पे त्याच हिशोबाने लावले आहेत.

## टप्पा १: जागा आणि तारीख पक्की करणं

फार्मवरच्या कॅम्पिंगचे साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला, वर्षभर परवाना असलेली साइट. तिथे शॉवर, भांडी घासायची जागा, विजेची जोडणी वगैरे असते. दुसरा, एखाद्या कॅम्पिंग क्लबची सर्टिफिकेटेड (क्लबने मान्यता दिलेली छोटी) साइट. तिथे पाच कॅरव्हान आणि थोडे तंबू एवढीच मर्यादा असते आणि त्या क्लबचं सभासदत्व लागतं. ते न घेता पोचलात तर फार्मवाल्याला तुम्हाला ठेवून घेता येत नाही. तिसरा प्रकार हंगामी: इंग्लंडमध्ये जुलै २०२३ पासून शेतकऱ्याला नियोजन परवानगीचा वेगळा अर्ज न करता वर्षातले ६० दिवस, जास्तीत जास्त ५० तंबूंपर्यंत जागा देता येते. अशा ठिकाणी बहुधा फिरतं शौचालय, एक नळ आणि मोकळं कुरण एवढंच असतं. आई-बाबा भारतातून आले असतील आणि त्यांना घेऊन जायचं असेल तर पहिलाच प्रकार निवडा. हंगामी साइटवर रात्री अडीच वाजता ओल्या गवतातून शौचालयापर्यंत चालणं गुडघेदुखी असलेल्या माणसाला जमण्यासारखं नसतं.

महिना निवडताना दोन गोष्टी बघा. लोकर कातरणी वर्षातून एकदाच, साधारण मेअखेर ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत होते. कातरणीच्या दिवशी सगळं फार्म कामात गुंतलेलं असतं आणि पाहुण्यांकडे बघायला कुणालाही फुरसत नसते. कातरल्यानंतर अल्पाका अगदी बारीक, लांब मानेचे दिसतात. मुलांनी फोटोत पाहिलेला गुबगुबीत प्राणी हवा असेल तर कातरणीच्या आधीचा मे बरा, मात्र तेव्हा रात्री चांगल्याच गार असतात. दुसरं म्हणजे पिल्लं. ती बहुतेक फार्मवर उन्हाळ्यातच जन्मतात आणि त्या काळात माद्यांचं कुरण पाहुण्यांना बंद असू शकतं.

बुकिंग करण्यापूर्वी फोनवर हे विचारून घ्या. ईमेलने विचारलंत तर अर्ध्याच प्रश्नांची उत्तरं येतात.

- तंबूचं कुरण आणि अल्पाकांचं कुरण वेगळं आहे का? मध्ये कुंपण कसलं आहे?
- अल्पाकांना भेटणं बुकिंगमध्ये धरलेलं आहे की त्याचे पैसे वेगळे? किती वाजता?
- नळाचं पाणी पिण्याचं आहे का? बोअरचं असेल तर उकळावं लागतं का?
- शेकोटी चालते का? डिस्पोजेबल बार्बेक्यू चालतो का? बऱ्याच फार्मवर तो पूर्ण बंद असतो, कारण खालचं गवत जळतं.
- आदल्या आठवड्यात पाऊस झाला तर गाडी कुरणात नेता येते की बाहेर लावावी लागते?
- कुत्रा आणला तर? बहुतेक ठिकाणी उत्तर ‘नाही’ असंच असतं. अल्पाका कुत्र्याला शिकारी समजून बिथरतात आणि लाथा घालून त्याला जखमीही करू शकतात.

सावधान: घरात कुणी गरोदर असेल तर फार्मवर मेंढ्यांची वीण चालू आहे का, हे आधी विचारा. विणाऱ्या मेंढ्यांपासून गर्भाला धोका असलेले जंतुसंसर्ग होऊ शकतात. ब्रिटनच्या आरोग्य खात्याचा त्या काळात दूर राहण्याचा सल्ला असतो.

## टप्पा २: आठवडाभर आधीची घरची तयारी

तंबू घरामागच्या बागेत किंवा जवळच्या पार्कमध्ये एकदा पूर्ण उभा करून बघा. हे टाळणारे लोक फार्मवर पोचल्यावर कुठली दांडी कुठे जाते याचा शोध फोनवर घेत बसतात आणि तिथे सिग्नल नसतो. खुंट्या मोजून पिशवीत घाला आणि तो आकडा पिशवीवर लिहा. टप्पा ९ मध्ये तो लागणार आहे. सोबत सहा-आठ जादा खुंट्या आणि एक रबरी हातोडा असू द्या.

झोपण्याचं सामान. जूनमध्येही इंग्लंडच्या खेड्यात पहाटे तापमान ८ अंशांपर्यंत उतरतं, मेमध्ये त्याहून खाली. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन आकडे छापलेले असतात. त्यातला ‘कम्फर्ट’ हाच आपला. ‘लिमिट’ किंवा ‘एक्स्ट्रीम’ बघून घेतलेली बॅग रात्रभर कुडकुडत ठेवते. कम्फर्ट ५ अंशांच्या आसपास असेल तर उन्हाळाभर चालून जातं. खरी थंडी खालून येते. हवा भरायच्या गादीत नुसती गार हवा असते, त्यामुळे गोधडी अंगावर घेण्याऐवजी गादीवर, अंगाखाली पसरा. आपल्या लोकांना हे उलटं वाटतं, म्हणून दोन गोधड्या न्या: एक खाली, एक वर. ज्येष्ठांसाठी घडीची खाट घ्या. जमिनीवरून उठताना त्यांचे हाल होतात.

बूट. यात बहुतेकांचं दुर्लक्ष होतं आणि फार्मवाले मात्र सगळ्यात जास्त हेच बघतात. गेल्या काही आठवड्यांत भारतात गावी जाऊन गोठ्यात किंवा शेतात फिरला असाल तर तेच बूट घेऊन जाऊ नका. भारतात लाळ्या-खुरकूत रोग अजून आहे, ब्रिटनमध्ये नाही, आणि तो चिखलाबरोबर बुटाच्या तळव्यातून प्रवास करू शकतो. इथल्याच दुसऱ्या फार्मवर जाऊन आला असाल तरी तळवे ब्रशने घासून, साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून न्या. अल्पाकांना गोवंशातला क्षयरोगही होतो, त्यामुळे काही फार्मवर दाराशीच जंतुनाशकाचं घमेलं ठेवलेलं असतं. त्यात दोन्ही पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही. आधी चिखल काढा, मग बुडवा. चिखलावर जंतुनाशक चालत नाही.

स्वयंपाक. जितकं घरी होईल तितकं घरीच उरका. कांदा-टोमॅटोचं वाटण परतून डब्यात भरून गोठवा. ते शीतपेटीत बर्फाचंही काम करतं. मसालेभाताचे तांदूळ-मसाले मोजून एका पिशवीत, पोहे दुसऱ्या पिशवीत. बटाटे उकडून न्या. पोळ्या घरून करून न्या. कॅम्पिंगच्या शेगडीवर चार माणसांच्या पोळ्या करण्यात गॅस आणि संध्याकाळ दोन्ही संपतात.

गॅसचा हिशोब असा: एका शेगडीच्या २५० ग्रॅमच्या कॅनला पूर्ण आचेवर साधारण दीड तास मिळतो. चौघांना एक रात्र आणि एका न्याहारीसाठी दोन कॅन पुरतात, तिसरा जवळ असू द्या. नुसत्या ब्यूटेनचा कॅन गारठ्यात रुसतो, कारण शून्याच्या आसपास ब्यूटेनचा वायू होणंच थांबतं. मे किंवा सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर प्रोपेन मिसळलेला कॅन घ्या. कॅन कुठलाही असो, शेगडीला बसतो का ते घरीच लावून बघा. स्क्रूचा, खटक्याचा आणि टोचायचा, असे तिन्ही प्रकार दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले असतात.

पिशवीत हेही पाहिजे: साबणाची वडी, गोचीड काढायचा प्लॅस्टिकचा आकडा, लाल दिव्याची सोय असलेला हेडलॅम्प, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, २० लिटरचा पाण्याचा कॅन, प्रत्येकाला एक लांब पँट, आणि कचऱ्याच्या दोन जाड पिशव्या.

तपासा: फार्मचा पोस्टकोड खेड्यात मैलभर पसरलेला असतो. गेटचं नेमकं ठिकाण फार्मवाल्याकडून मागून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. रात्री ९९९ वर फोन करायची वेळ आली तर हाच पत्ता सांगावा लागतो.

## टप्पा ३: पोचणं

दुपारी तीन ते साडेचारच्या दरम्यान पोचा. जूनमध्ये उजेड रात्री साडेनऊपर्यंत असतो म्हणून लोक निवांत निघतात आणि नेमके संध्याकाळच्या खाद्याच्या वेळी गेटवर हजर होतात. फार्मवाला तेव्हा बादल्या घेऊन कुरणात असतो. तुम्ही हॉर्न वाजवता, अल्पाका बिथरतात आणि ओळख वाईट होते.

गेट उघडं दिसलं तर उघडंच ठेवा, बंद दिसलं तर मागे बंद करा, कडीसकट. मागून गाडी येते आहे म्हणून उघडं ठेवू नका. मागच्याला उतरून उघडू दे. नर आणि माद्या वेगवेगळ्या कुरणांत ठेवलेल्या असतात. एका उघड्या गेटमुळे ते एकत्र आले तर त्या वर्षीच्या पैदाशीचा सगळा हिशोब बिघडतो.

आत गाडी माणसाच्या चालीने. गवत ओलं असेल तर दुसऱ्या गियरमध्ये, न थांबता जा. चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर लगेच पाय काढा. रेटत राहिलात तर खड्डा पडतो आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

आधी फार्मवाल्याला भेटा. तंबू, मुलं, अल्पाका, सगळं त्यानंतर.

## टप्पा ४: तंबूची जागा

जागा निवडायला पंधरा मिनिटं द्या. घाई इथेच नडते. एकदा पूर्ण कुरण चालून या आणि हे बघा:

उतार. अगदी सपाट जागा मिळत नाही. हलक्या उतारावर डोकं वरच्या बाजूला येईल असा तंबू लावा. तळाच्या सखल भागात नको. तिथे पाणीही साठतं आणि रात्री गार हवाही उतरते.

वारा. इथे वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. तंबूची निमुळती किंवा बुटकी बाजू वाऱ्याकडे, दार त्याच्या उलट दिशेला.

झाडं. सावली हवी म्हणून झाडाखाली लावायची सवय इथे सोडा. ॲश झाडांना सध्या ब्रिटनभर मर रोग लागला आहे आणि वाळलेल्या फांद्या वारा नसतानाही तुटतात.

कुंपण. कुंपणापासून निदान तीन मीटर सोडा. अल्पाका कुंपणावरून लांबलचक मान काढतात आणि तंबूचे ताण (ओढून बांधायच्या दोऱ्या), टॉवेल, टोपी, जे सापडेल ते चावून बघतात. नायलॉनची दोरी पोटात गेली तर आतडं अडू शकतं. दोरीपेक्षा जनावराची काळजी जास्त. कुंपणाच्या पट्टीतून टक्-टक् असा बारीक आवाज येत असेल तर ते विजेचं कुंपण आहे. मुलांना हात धरून दाखवा आणि आवाज ऐकवा. नुसतं ‘तिकडे जाऊ नका’ एवढ्याने भागत नाही.

गेट, पाण्याचं टाकं आणि चाकांच्या खुणा. या तिन्हींच्या जवळ नको. पहाटे सहा-सातला क्वाड बाइक तिथूनच जाते.

शेजारच्या तंबूपासून सहा मीटर अंतर ठेवा. आगीच्या दृष्टीने हेच अंतर इथे मानतात. चार कुटुंबं एकत्र आलात म्हणून दोऱ्यांत दोऱ्या अडकवून वाडा उभारू नका.

खुंटी ४५ अंशांत, डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं, पूर्ण आत जाईपर्यंत ठोका. आधी चार कोपरे, मग दांड्या, मग ताण. पाऊस पडत असेल तर बाहेरचं कापड आधी उभं करा आणि आतला भाग त्याच्याखाली लटकवा. ज्या तंबूत हे जमत नाही तो ब्रिटनसाठी घेऊच नये.

तपासा: आत आडवे होऊन बघा. अंग एका बाजूला घरंगळत असेल तर आत्ताच हलवा. सामान टाकल्यावर कुणी हलवत नाही.

## टप्पा ५: अल्पाकांना भेटणं

फार्मवाल्याने सांगितलेली वेळ होईपर्यंत कुंपणाबाहेरच थांबा. त्या वेळात त्यांच्याकडे नीट बघा, ते उपयोगी पडतं. मोठा अल्पाका खांद्याशी ८० ते १०० सेंटिमीटर उंच आणि साधारण ५० ते ८५ किलोचा असतो. म्हणजे दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर त्याचं तोंड येतं, आणि वजन मात्र बापाएवढं. मुलांना एकटं आत सोडायचं नाही, यामागे एवढं साधं कारण आहे.

आत जाताना. एका वेळी थोडेच जण. बाजूने जा, सरळ समोरून चाल करून जाऊ नका. धावू नका, ओरडू नका. चोहोबाजूंनी घेरू नका. कळपातल्या प्राण्याला पळायला वाट दिसली नाही की तो घाबरतो. मागच्या पायांच्या मागे उभं राहू नका.

हात लावणं. विचारल्याशिवाय नाही. लावायचाच तर मानेच्या बुडाशी किंवा खांद्यावर, खालच्या बाजूने. डोक्याला हात लावलेला त्यांना आवडत नाही, आणि सेल्फीसाठी गळ्यात हात टाकणं तर नाहीच. लहान नराला गोड दिसतो म्हणून सतत कुरवाळलं, बाटलीने दूध पाजत लळा लावला, की तो माणसाला आपल्याच जातीचा समजायला लागतो आणि मोठेपणी अंगावर येतो, छातीने धडक देतो. मग अशा नराचं काय करायचं हा फार्मवाल्यापुढे मोठा प्रश्न होतो. म्हणून ते पाहुण्यांना मिठ्या मारू देत नाहीत. त्यात उद्धटपणा नाही.

थुंकी कधी येते. कान मागे पडतात, हनुवटी वर जाते, गाल फुगतात. एवढं दिसलं की बाजूला सरका. बहुतेक वेळा ते माणसावर थुंकत नाहीत. खाद्यावरून एकमेकांवर थुंकतात आणि मधे उभा असलेला पाहुणा भरतो. हातात खाद्याचं भांडं घेऊन दोन अल्पाकांच्या मध्ये थांबू नका. थुंकी पोटातून आलेली, हिरवी आणि आंबूस वासाची असते. आधी गार पाण्याने, मग साबणाने धुतली की कपड्यावरून जाते.

खाद्य. फार्मने दिलेल्या गोळ्याच, तेवढ्याच. तळहात सपाट ठेवा. वरच्या जबड्यात पुढे दात नसतात, तिथे कडक हिरडी असते, त्यामुळे ओठांनी गुदगुल्या होतात एवढंच. गोळ्या गपागप गिळल्या तर घशात अडकतात: जनावर मान ताणतं, उबळ येते, तोंडाला फेस येतो. असं दिसलं की खायला देणं थांबवा आणि फार्मवाल्याला हाक मारा.

कधीही देऊ नका: घरून आणलेलं काहीही. पोळीचा तुकडा, भात, गाजराची सालं, केळं, काहीच नाही. ब्रिटनमध्ये २००१ च्या लाळ्या-खुरकूतच्या साथीनंतर स्वयंपाकघरातून आलेलं अन्न फार्मच्या जनावरांना घालणं बेकायदा आहे, मग घर शाकाहारी का असेना. मुलं बांधावरची पानं-फुलं तोडून भरवतात, तेही थांबवा. रॅगवर्टची पिवळी फुलं, ऱ्होडोडेंड्रॉन, यू आणि लॉरेलची पानं विषारी आहेत. यू तर फारच.

दोरी धरून फिरवायला मिळालं तर. दोरी हाताला गुंडाळू नका, मुठीत घडी करून धरा. जनावर पळालं तर सुटली पाहिजे, बोटं ओढली जाता कामा नयेत. त्याच्या खांद्याशी चाला. तोंडावरच्या मोहरकीचा पट्टा डोळ्यांच्या जवळ, नाकाच्या हाडावर असला पाहिजे. तो सरकून पुढे मऊ भागावर आला तर श्वास कोंडतो, कारण अल्पाका मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. स्वतः नीट करायला जाऊ नका. थांबा आणि सांगा.

हात धुणं. बाहेर आल्यावर लगेच, साबण आणि वाहत्या पाण्याने, काही खायच्या आधी. हातावरचं जेल इथे पुरेसं नाही. फार्मवरचे ई. कोलाय आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे जुलाब करणारे जंतू मळाबरोबर हातावर राहतात आणि जेलने निघत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांचे हात मोठ्यांनी धुवावेत. बोट तोंडात घालणाऱ्या मुलांवर तर दिवसभर नजर हवी. बूट आणि बाबागाडीची चाकंही धुवा.

## टप्पा ६: रात्रीचं जेवण

शेगडी तंबूच्या आत नाही, ओट्यासारख्या पुढच्या भागातही नाही, दार उघडं ठेवूनही नाही. विझलेला दिसणारा बार्बेक्यू आत ओढून ऊब घेतल्यामुळे ब्रिटनमध्ये माणसं दगावली आहेत. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड तासन्‌तास येत राहतो आणि त्याला वास नसतो. अलार्म लावलेला आहे म्हणून सूट मिळत नाही.

पाऊस असेल तर वेगळी मोकळी छत्री किंवा ताडपत्री बांधा, चारही बाजू उघड्या, डोक्यावर भरपूर जागा. तंबूपासून दूर.

कुकर नेणार असाल तर तीन लिटरपेक्षा मोठा नको. मोठं भांडं शेगडीबाहेर पसरतं, उष्णता परत खाली कॅनवर येते आणि कॅन तापतो. वारा लागतो म्हणून शेगडीभोवती पत्र्याचं कडं पूर्ण बंद केलं तरी तोच धोका. कडं वाऱ्याच्या बाजूलाच ठेवा, कॅन उघडा राहू द्या. मधूनमधून कॅनला हात लावा. कोमट लागला तर आच बंद.

भजी-पुऱ्या तळणं इथे नको. डुगडुगत्या टेबलावर कढईभर तापलेलं तेल हा बेत घरीच बरा. मिरचीची फोडणी देताना वारा कुणाकडे वाहतो ते बघा. शेजारच्या तंबूतल्या लोकांना खोकत बाहेर यायला लावू नका.

भांडी पिण्याच्या नळाखाली घासायची नाहीत. खरकटं आधी गाळून कचऱ्याच्या पिशवीत, तेल कागदाने पुसून त्याच पिशवीत, मग नेमलेल्या ठिकाणी पाणी टाका. कोथिंबिरीच्या काड्या आणि चहाचा चोथाही पिशवीतच, कुंपणापलीकडे नाही.

तपासा: झोपण्यापूर्वी सगळं अन्न गाडीत. तंबूत ठेवलेल्या डब्यांसाठी कोल्हे आणि बॅजर कापड फाडतात.

## टप्पा ७: रात्र

दहानंतर आवाज बंद. अंताक्षरी नऊला सुरू केलीत तर मनाजोगती होते. आकाशकंदील सोडणं, फटाके, ड्रोन, फुगे, यातलं काही नाही. सोडलेल्या कंदिलाची तार कुरणात पडते आणि पुढे चाऱ्यातून जनावराच्या पोटात जाते.

बाहेर जाताना दिवा लाल करा आणि कुरणाकडे रोखू नका.

रात्री ऐकू येतील ते आवाज ओळखून ठेवा म्हणजे धडकी भरणार नाही. हलकी गुणगुण ही नेहमीची: आई-पिल्लू, कळप एकमेकांशी बोलतात. एकदम चिरका, खेकसल्यासारखा, पुन्हा पुन्हा येणारा आवाज म्हणजे इशारा. कोल्हा किंवा अनोळखी कुत्रा दिसला की तो देतात. दोन-तीन मिनिटांत थांबला तर काही करायचं नाही. थांबतच नसेल, किंवा कुरणात कुत्रा दिसत असेल, तर फार्मवाल्याला फोन करा. स्वतः कुंपण ओलांडून जाऊ नका. बाईने किंकाळी फोडावी तसा आवाज आला तर तो बहुधा कोल्हाच असतो.

## टप्पा ८: सकाळ

जूनमध्ये पावणेपाचला उजाडतं आणि मुलं उठतात. सात वाजेपर्यंत त्यांना तंबूपाशीच ठेवायची काहीतरी सोय करा. खाद्य, पाणी, शेण गोळा करणं ही कामं याच वेळी चालतात. अल्पाका ठरलेल्या एक-दोन जागीच शेण टाकतात, तिथे फावडं आणि ढकलगाडी असते. मदत करायची असेल तर विचारा, बऱ्याचदा आनंदाने देतात. पण १३ वर्षांखालच्या मुलाला ट्रॅक्टरवर बसवणं इथे कायद्याने मना आहे. आग्रह करून फार्मवाल्याला अडचणीत आणू नका. गवताच्या गासड्यांच्या थप्पीवर चढणंही नाही. एक गासडी घसरली की जीवघेणं वजन अंगावर येतं.

पाहुणे सगळ्यात जास्त घाबरतात ते ऊन वर आल्यावर. अल्पाका कुशीवर पडलेला, पाय ताठ पसरलेले, मान जमिनीवर. मेलाच, असं वाटून लोक पळत जातात. तो ऊन खात असतो. लांबून अर्धं मिनिट कानाकडे बघा, माशी बसली की हलतो. सावलीत किंवा पावसात असा पडला असेल, दात खात असेल, किंवा उठून पुन्हा पुन्हा बसत असेल, तर मात्र सांगायला जा.

मादी कळपापासून बाजूला उभी आहे आणि शेपटीखाली काही दिसतंय, असं झालं तर वीण चालू आहे. अल्पाका बहुधा सकाळी ते दुपारच्या सुरुवातीला वितात. फार्मवाल्याला कळवा, मुलांना लांब बसवा. पिल्लू बाहेर आल्यावर त्याला उचलू, पुसू, हात लावू नका, आणि आई-पिल्लाच्या मध्ये जाऊ नका.

## टप्पा ९: आवरणं

तंबू काढताना आधी आतलं सामान, मग झाडलोट, मग खुंट्या. खुंट्या मोजा. पिशवीवरचा आकडा जुळला पाहिजे. एक जरी गवतात राहिली तरी ती जनावराच्या पायात जाते किंवा चारा कापायच्या यंत्रात अडकते. तंबू जिथे होता त्या जागेवर ओळीने चालत या आणि फॉइलचे तुकडे, रबरबँड, दोरीची टोकं, बाटल्यांची झाकणं उचला. डोळ्यांपेक्षा पाय जास्त शोधतात, म्हणून हळू चाला.

कचरा कुठे टाकायचा ते विचारा. हंगामी साइटवर तो बहुधा घरी न्यायचा असतो. कंपोस्ट शौचालयात ओले वाइप्स आणि डायपर टाकू नका.

## टप्पा १०: घरी आल्यावर

ओला गुंडाळलेला तंबू दोन दिवसांच्या आत पसरून वाळवा, नाहीतर बुरशी धरते आणि तो वास जात नाही. बूट पुन्हा धुवा.

त्याच रात्री सगळ्यांचं अंग गोचिडांसाठी तपासा: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, मुलांच्या केसांच्या कडेला आणि कानामागे. गोचीड सापडली तर आकड्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढून काढा. तेल, मीठ, काडेपेटी यांतलं काही लावू नका. गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम आजाराचा गोल पसरणारा चट्टा बहुधा एक ते चार आठवड्यांत उठतो, क्वचित तीन महिन्यांनीही. सावळ्या त्वचेवर तो लालसर न दिसता फक्त गडद दिसू शकतो, त्यामुळे उजेडात बघा आणि फोटो काढून ठेवा.

पुढच्या दोन आठवड्यांत कुणाला जुलाब लागले, विशेषतः लहान मुलाला किंवा रक्त पडत असेल तर, १११ वर किंवा डॉक्टरांकडे फोन करा आणि फार्मवर राहून आल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जुलाब थांबवायचं औषध देऊ नका, आणि जुलाब थांबल्यावरही ४८ तास मुलाला शाळेत पाठवू नका.